पोकळ आकडे

एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या डेट्रॉइट पिस्टन्स संघाच्या केड कनिंगहॅमचे आकडे पोकळ आहेत, म्हणजे गुण दिसतात भरपूर पण संघाला त्यांचा उपयोग नाही, असे मी २०२३ च्या डिसेंबरात माझ्या वहीत लिहून ठेवले होते, आणि ते लिहिताना आपण आपल्याच संघाबद्दल किती निष्ठुरपणे बोलू शकतो याचे मला थोडे कौतुकही वाटले होते. ते वाक्य चुकले. ते कसे चुकले, आणि ते चूक आहे असे तेव्हाच सांगणाऱ्या माणसांपैकी नेमके कोणाचे कारण बरोबर होते, यावर आमच्या नौपाड्यातल्या घरात अजूनही वाद होतो; म्हणून सगळा हिशोब एकदा नीट मांडून ठेवते आहे.

ठाण्यातल्या बाईने डेट्रॉइटच्या संघासाठी पहाटे उठावे हे अनेकांना विचित्र वाटते. त्याचे कारण २००४ सालात आहे. मी तेव्हा कॉलेजच्या संघातून खेळत असे. त्या जूनमध्ये पिस्टन्सनी अंतिम मालिकेत लॉस एंजेलिस लेकर्सना ४-१ असे हरवले. लेकर्सकडे शाकील ओनील, कोबी ब्रायंट, कार्ल मलोन आणि गॅरी पेटन अशी चार मोठी नावे होती. पिस्टन्सकडे चॉन्सी बिलप्स, रिचर्ड हॅमिल्टन, टेशॉन प्रिन्स, रशीद वॉलेस आणि बेन वॉलेस होते, आणि त्यांपैकी बेन वॉलेसला तर ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात त्या वार्षिक निवडीत, एकाही संघाने निवडले नव्हते. आम्हांला शाळेपासून बास्केटबॉल शिकवणारे सर तेव्हा म्हणाले होते, ‘‘या संघाला कोणा एकाचे नाव देता येत नाही, हे लक्षात ठेव.’’ ते मी जरा जास्तच लक्षात ठेवले. एकटा खेळाडू भरमसाट गुण करू लागला की मला आजही आधी संशय येतो.

२००८ नंतर या संघाने प्लेऑफमधला, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांतला, एकही सामना जिंकला नव्हता, त्यामुळे पराभवाची आम्हांला सवय होती. परंतु २०२३-२४ च्या हंगामात जे झाले त्याला सवय हा शब्द पुरत नाही. पहिल्या तीन सामन्यांपैकी दोन जिंकून संघाने सुरुवात केली, आणि ३० ऑक्टोबरपासून पुढे सलग २८ सामने तो हरला. एका हंगामातल्या सलग पराभवांचा आधीचा विक्रम २६ चा होता. तो २०१०-११ मध्ये क्लीव्हलँडने आणि २०१३-१४ मध्ये फिलाडेल्फियाने केला होता. २८ हा आकडा फिलाडेल्फियाने नंतर गाठला खरा, पण तो २०१४-१५ चा शेवट आणि पुढच्या हंगामाची सुरुवात जोडून. आमच्या लोकांनी ते काम एकाच हंगामात, दोन महिन्यांत उरकले. हे सगळे माँटी विल्यम्स यांच्या देखरेखीखाली, ज्यांना सहा वर्षांसाठी सुमारे ७ कोटी ८५ लाख डॉलर देऊन त्याच उन्हाळ्यात प्रशिक्षक म्हणून आणले होते.

हिवाळ्यात डेट्रॉइटमध्ये संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा ठाण्यात पहाटेचे साडेपाच झालेले असतात. माझा भाचा कॉलेजसाठी आमच्याकडेच राहतो. २०१९ च्या ऑक्टोबरात वरळीच्या डोममध्ये इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज यांचे दोन सराव सामने झाले होते. त्यांतल्या पहिल्या सामन्याला शाळकरी मुलांना बोलावले होते, आणि तेव्हा तेरा वर्षांचा असलेला हा मुलगा जादा वेळेत गेलेला तो १३२-१३१ चा सामना पाहून आला, तो पुन्हा क्रिकेटकडे वळला नाही. टीव्हीचा आवाज ऐकून शेजारचे काका स्वतःचा चहाचा कप घेऊन येतात. ते बँकेत कर्जांची जोखीम मोजण्याचे काम करीत आणि निवृत्तीनंतर ती मोजदाद त्यांनी आमच्या संघाकडे वळवली आहे. रविवारी तलावपाळीला फेरी मारून परतताना सरही येतात. वाद घालायला चार माणसे पुरतात, हे त्या हंगामात सिद्ध झाले.

काकांनी पहिल्यांदा मांडला तो शक्यतेचा हिशोब होता. हंगाम संपला तेव्हा संघाच्या खात्यात १४ विजय आणि ६८ पराभव होते, म्हणजे शंभरातले सुमारे १७ सामने जिंकणारा संघ. प्रत्येक सामना हरण्याची शक्यता ८३ टक्के धरली आणि ती स्वतःशीच २८ वेळा गुणली, तर एका ठरावीक सामन्यापासून पुढे सलग २८ पराभव येण्याची शक्यता अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघते. ‘‘म्हणजे इतका वाईट संघसुद्धा इतका हरत नाही,’’ असे काका म्हणाले, आणि त्याला पुरावा म्हणून त्यांनी वजाबाकी करून दाखवली: ते २८ सामने बाजूला काढले तर उरलेल्या ५४ मध्ये संघाने १४ जिंकले होते, म्हणजे चारात एक. वाईट, पण जगात आहेत तसले वाईट. यावर भाच्याने विचारले की घर जळाले तेवढा दिवस सोडून बाकी वर्ष बरे गेले असे म्हणता येईल का, आणि काकांनी त्याला उत्तर दिले नाही. माझ्या मते त्या प्रसंगी दोघेही बरोबर होते. सलग पराभवांची माळ नुसत्या कमकुवतपणाने लांबत नाही. दुखापती, एका बास्केटने हुकलेले सामने आणि शेवटच्या पाच मिनिटांत हातपाय गाळण्याची लागलेली सवय हे सगळे एकाच वेळी जुळून यावे लागते.

आता केडचा प्रश्न. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकाने निवडलेला हा सहा फूट सहा इंचांचा मुलगा त्या हंगामात सामन्यामागे २२.७ गुण आणि ७.५ असिस्ट (सहकाऱ्याला थेट बास्केट करून देणारे पास) करीत होता. २६ डिसेंबरला ब्रुकलिनविरुद्ध सलग सत्ताविसावा पराभव होऊन विक्रम मोडला, त्या ११८-११२ च्या सामन्यात त्याने एकट्याने ४१ गुण केले. प्रेक्षकांनी मालकाने संघ विकावा म्हणून घोषणा दिल्या. मी त्या सकाळी वहीत माझे वाक्य लिहिले. माझा युक्तिवाद असा होता की सामन्यात दोन्ही संघांना जवळजवळ सारख्याच वेळा चेंडू मिळतो, चोवीस सेकंदांत कोणाला तरी तो बास्केटकडे टाकावाच लागतो, आणि संघात दुसरा कोणी टाकण्यासारखा नसला तर पहिल्याच्या नावावर गुण जमणारच. ज्या दुकानात एकच गल्ला आहे तिथे सगळे पैसे त्याच गल्ल्यात पडतात. त्यावरून धंदा बरा चालला आहे असे ठरत नाही.

काका माझ्या बाजूने होते, आणि त्यांच्याकडे माझ्यापेक्षा बरी हत्यारे होती. गुणांची सरासरी ही मुळातच फसवी मोजणी आहे, असे त्यांचे म्हणणे, कारण ती गुण किती केले ते सांगते पण ते करायला किती संधी खर्ची पडल्या ते सांगत नाही. समजा एकाने २० फटके मारून २० गुण केले आणि त्याला फ्री थ्रो, म्हणजे समोरच्याच्या फाउलबद्दल मिळणारा मोकळा फटका, एकही मिळाला नाही. दुसऱ्याने १३ फटके आणि ८ फ्री थ्रो यांतून तेवढेच २० गुण केले. फ्री थ्रोला ०.४४ ने गुणून फटक्यांत मिळवायचे, आलेली बेरीज दुप्पट करायची आणि तिने गुणांना भागायचे, अशी कार्यक्षमता मोजण्याची रीत आहे. तिच्याप्रमाणे पहिल्याची कार्यक्षमता ५० टक्के येते आणि दुसऱ्याची साडेसाठच्या आसपास. वर्तमानपत्रात दोघांपुढे वीसच छापले जातात. या मोजणीत केड त्या वर्षी लीगच्या सरासरीच्या खाली होता, हे खरे आहे, आणि काका ते दर दुसऱ्या दिवशी ऐकवीत.

भाचा चिडायचा. त्याचे सगळे बोलणे प्लस-मायनस या आकड्याभोवती फिरत असे, म्हणजे खेळाडू मैदानात असताना संघाने किती गुणांनी आघाडी मिळवली किंवा गमावली याची गोळाबेरीज. ‘‘मावशी, केड बाहेर बसला की काय होते ते बघ ना,’’ हे त्याचे पालुपद. त्यात तथ्य होते, पण या आकड्याची एक खोड आहे आणि ती त्याला मान्य नव्हती: जो खेळाडू नेहमी त्याच चौघांबरोबर उतरतो त्याचा आकडा त्या चौघांचाही असतो, आणि २८ सामने हरणाऱ्या संघात सगळ्यांच्याच पुढे उणे चिन्ह असते, त्यामुळे कोणाचे उणे कोणाच्या पदरात पडले हे त्या बेरजेवरून कळत नाही. भाच्याच्या लेखी ते ठरलेले होते. दोषी होता किलियन हेज, २०२० चा सातव्या क्रमांकाचा फ्रेंच खेळाडू, ज्याला प्रशिक्षकांनी हंगामाच्या सुरुवातीला पहिल्या पाचांत घेतले आणि जेडन आयव्हीसारख्या वेगवान मुलाला बाकावर बसवले. यावर त्याने जेवढा त्रागा केला तेवढा परीक्षेच्या निकालावर केला असता तर त्याच्या आईला बरे वाटले असते. हेजला फेब्रुवारीत संघाने सोडून दिले तेव्हा आमच्याकडे त्या दिवशी मामलेदारची मिसळ आली, आणि ती मी खाल्ली याची मला आता थोडी लाज वाटते, कारण एका बावीस वर्षांच्या मुलाची नोकरी गेली होती.

सर या सगळ्यात बराच काळ गप्प होते. त्यांना टक्केवारीचे वावडे नाही. शाळेत त्यांनी आमच्याकडून प्रत्येक सामन्याची नोंद उभ्या-आडव्या रेघा मारून ठेवून घेतली होती. परंतु एका रविवारी त्यांनी भाच्याला सामन्याचे चित्रमुद्रण लावायला सांगितले आणि केडने मधली रेघ ओलांडली की चित्र थांबवायचे, असा नियम घातला. ‘‘त्याच्याकडे बघू नकोस. बचाव करणाऱ्या पाच जणांचे पाय मोज. रिंगखालच्या रंगवलेल्या चौकटीत किंवा तिच्या काठावर किती जणांचे पाय आहेत?’’ भाच्याने मोजले. बहुतेक वेळा तीन, कधी कधी चार.

त्या आकड्याला नाव नाही, पण माझे वाक्य त्यानेच खोडले. सरांनी पुढे जे समजावले ते इतके साधे होते की दोन महिने आम्हां तिघांना ते दिसू नये याचे आश्चर्य वाटावे. सुरुवातीच्या पाचांत केडबरोबर हेज, ऑसार थॉम्पसन, आयझाया स्ट्युअर्ट आणि जेलन ड्युरेन असत. ड्युरेन रिंगखाली खेळणारा, रिबाउंडचा, म्हणजे हुकलेला चेंडू पकडण्याचा, राजा. थॉम्पसन पहिल्याच वर्षी बचावात आणि उडीत असामान्य, पण त्याचे दुरून मारलेले तीन गुणांचे फटके शेकडा वीसही लागत नव्हते. हेजचा नेम बेताचा. दुरून बरा मारत होता तो स्ट्युअर्ट, जो मुळात आत खेळणारा. ज्याला दुरून सोडून देता येते त्याच्या बचावपटूला त्याच्याजवळ उभे राहण्याची गरजच उरत नाही. तो एक पाय चौकटीत टाकून केडची वाट बघत राहतो. एनबीएमध्ये कोणाला रोखत नसताना बचाव करणाऱ्याला त्या चौकटीत सलग तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही, म्हणून तो पाय आत टाकतो, काढतो, पुन्हा टाकतो. आपल्याकडे खेळतात त्या आंतरराष्ट्रीय नियमांत बचावाला हे बंधन नाही, म्हणून आम्हांला ही कसरत पाहण्याची सवय नव्हती. दुरून नेमबाजी करणारा बोयान बोग्दानोविच सुरुवातीचे आठवडे पोटरीच्या दुखापतीने बाहेर होता. म्हणजे केड ज्या वाटेने रिंगकडे जात होता ती वाट सकाळच्या ठाणे स्थानकातल्या पुलासारखी होती, आणि आम्ही घरात बसून त्याच्या चालीचा वेग मोजत होतो.

कमी कार्यक्षमता खरी होती, गुणही खरे होते. काकांचे सूत्र चुकले नव्हते आणि भाच्याचा आवडता खेळाडूही चुकला नव्हता. परंतु दोघेही पाच जणांच्या उभे राहण्याचा परिणाम एका माणसाच्या खात्यावर लिहीत होते, आणि मी तर तो शाईने लिहिला होता.

२९ डिसेंबरच्या सकाळी बॉस्टनमध्ये संघ मध्यंतराला मोठ्या आघाडीवर होता. काकांचा चहा गार झाला. जादा वेळेत १२८-१२२ असा तो अठ्ठाविसावा पराभव झाला. दोनच दिवसांनी, आपल्याकडे ३१ तारीख उजाडता उजाडता, टोरंटोविरुद्ध १२९-१२७ असा विजय मिळाला. केडने ३० गुण आणि १२ असिस्ट केले. त्याच दिवशी टोरंटोने आपला ओजी अनुनोबी न्यूयॉर्कला देऊन टाकला होता आणि बदल्यात येणारे खेळाडू अजून पोहोचले नव्हते, म्हणजे समोरचा संघ अपुरा होता, हे काकांनी विजयाच्या दुसऱ्याच मिनिटाला नोंदवले. माणसाने इतके प्रामाणिक असू नये.

मुद्दाम हरून ड्राफ्टमध्ये वरचा क्रमांक मिळवण्याच्या धोरणावर आमच्यात फारसा वाद झाला नाही, कारण तेव्हाच्या नियमाने तळाच्या तीन संघांना सोडतीत पहिल्या क्रमांकाची सारखीच, म्हणजे १४ टक्के, संधी मिळत होती आणि सर्वांत तळाचा संघ पाचव्यापर्यंत घसरू शकत होता. पिस्टन्सना २०२३ मध्ये १७-६५ (विजय-पराभव) करून पाचवा क्रमांक मिळाला, २०२४ मध्ये १४-६८ करून पुन्हा पाचवाच. हरण्याचे व्याज इतके कमी असेल तर काकांच्या बँकेनेही ती ठेव घेतली नसती.

पुढच्या हंगामात विल्यम्स गेले, जे. बी. बिकरस्टाफ आले, आणि संघाने ४४ सामने जिंकले. आधीच्या ८२ सामन्यांच्या हंगामातले विजय पुढच्याच हंगामात तिपटीहून अधिक करणारा एनबीएच्या इतिहासातला हा पहिला संघ. केड, ड्युरेन, थॉम्पसन, स्ट्युअर्ट तेच होते. नवीन आले ते टोबायस हॅरिस, टिम हार्डवे ज्युनियर आणि मलिक बीझली, म्हणजे ज्यांना दुरून सोडून देता येत नाही अशी माणसे. एकट्या बीझलीने त्या हंगामात तीन गुणांचे ३१९ फटके यशस्वी केले. केडची सरासरी २६.१ गुण आणि ९.१ असिस्टवर गेली, तो ऑल-स्टार झाला, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला. एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या मैदानावर १००-९४ असा विजय मिळवून प्लेऑफमधल्या सलग १५ पराभवांची मालिका तुटली, आणि शेवटी ती फेरी न्यूयॉर्कने ४-२ अशी घेतली.

माझे वाक्य मी वहीत तसेच ठेवले आहे; खाली तारीख घालून फक्त ‘‘पाय मोजले नव्हते’’ एवढे लिहिले. भाच्याला हे पुरेसे वाटत नाही, त्याला जाहीर माफी हवी आहे. काका मात्र नेमबाजांना सगळे श्रेय द्यायला तयार नाहीत. नवीन प्रशिक्षकाने बचाव सुधारला त्याचे काय, एका वर्षाने वाढलेल्या वयाचे काय, असे ते विचारतात, आणि ते प्रश्न रास्त आहेत.

पण गेले काही महिने वाद सरकला आहे तो जेडन आयव्हीवर. त्याच ४४ विजयांच्या हंगामात आयव्ही सामन्यामागे १७.६ गुण करीत होता, त्याचे तीनचे फटकेही शेकडा चाळीसच्या वर लागत होते, आणि १ जानेवारी २०२५ ला ऑर्लँडोविरुद्ध त्याचा डावा पाय मोडला. तो सामना जिंकून संघ १५-१८ वर आला. त्यानंतर आयव्हीवाचून खेळलेल्या ४९ सामन्यांपैकी २९ जिंकले. काकांनी हे एका कागदावर लिहून आणले आणि भाच्यापुढे ठेवून विचारले, ‘‘मग पोकळ आकडे नक्की कोणाचे होते?’’

भाचा लाल झाला. मी सरांकडे पाहिले. सरांनी कागद हातात घेतला, चष्मा वर करून तो दोनदा वाचला आणि काकांना परत दिला. ‘‘याच्यावर त्याच्या जागी कोण उभे राहिले ते लिहिलेले नाही,’’ ते म्हणाले. ‘‘फेब्रुवारीत श्रूडर आला, तो कुठे आहे? ते लिहून आणा, मग बोलू.’’ काका कागद घेऊन घरी गेले आहेत. भाचा जानेवारीपासूनचे सामने पुन्हा लावून बसला आहे, आणि आतल्या खोलीतून मधूनमधून आकडे ऐकू येतात: दोन, तीन, दोन, दोन.